हळदीचा चहा घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरून पुण्यात पहाटेची थंडी बोचायला लागली की माझ्या फोनवर हळदीचे प्रश्न सुरू होतात. मी रसायनशास्त्राची शिक्षिका होते आणि माझं आजोळ सांगलीकडचं, त्यामुळे हळद मला दोन्ही बाजूंनी जवळची. डॉक्टर मात्र मी नाही. जिथे औषधांशी संबंध येतो तिथे धोका कुठे आहे एवढंच सांगितलं आहे. पुढचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

योगवर्गातल्या मैत्रिणी, सोसायटीतले शेजारी आणि परदेशातली भाचरं यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हळदीचा चहा म्हणजे नक्की काय? त्यात चहा पावडर असते का?

नसते. गवती चहाला जसा आपण चहा म्हणतो, तसाच हा. हळद पाण्यात उकळायची, जोडीला मिरी आणि आलं घालायचं, थोडा स्निग्धांश आणि हवा असेल तर गूळ. दुधात केला की तेच आजीचं हळदीचं दूध. २०२० साली करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने घरगुती उपाय सांगितले होते, त्यातही १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद दिवसातून एक-दोन वेळा, असं माप होतं.

चहा पावडर घातली तर बिघडत काही नाही, पण हळदीची चव मागे पडते आणि रात्री घेतलात तर झोप उडते.

२. एका कपाची रोजची कृती सांगा.

पातेल्यात २०० मिली पाणी घ्या. त्यात सपाट अर्धा चमचा हळद, खलबत्त्यात जाडसर कुटलेले तीन मिरे आणि अर्धा इंच आलं ठेचून घाला. उकळी आली की आच मंद करा आणि आठ ते दहा मिनिटं राहू द्या. पाणी आटून दीड वाटीच्या आत, म्हणजे साधारण १५० मिली उरेल. गॅस बंद करून पाव चमचा साजूक तूप घाला. गूळ हवा तर तोही आताच. कपात ओतण्याआधी चमच्याने तळापासून ढवळा.

मध घालणार असाल तर कप हाताला सोसवेल इतका निवल्यावर घाला. मध गरम करू नये असं आयुर्वेद सांगतो, आणि कडकडीत पाण्यात मधाचा स्वादही उडून जातो.

दालचिनी, वेलदोडा, गवती चहाची पात हे सगळं हौसेचं. मी हिवाळ्यात दालचिनीचा लहान तुकडा टाकते. लवंग मात्र जपून, एक जास्त झाली तरी हळद लपून जाते.

३. हळद पाव चमचा घालू की पूर्ण चमचा? जास्त घातली तर जास्त फायदा होईल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून हिशेबच मांडते.

हळदीतला ज्या घटकाचा एवढा बोलबाला आहे तो कर्क्युमिन. हळदीला पिवळा रंग येतो तो त्याच्यामुळे आणि त्याच्या भावंड-संयुगांमुळे. चांगल्या हळदीत तो वजनाच्या साधारण तीन टक्के असतो. सपाट चहाचा चमचा म्हणजे सुमारे तीन ग्रॅम हळद. म्हणजे अर्ध्या चमच्यात दीड ग्रॅम हळद आणि त्यात जेमतेम ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन. हा ४५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वरची मर्यादा. अन्नातल्या रंगद्रव्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण मान्य केलं आहे. ६० किलोच्या माणसाला ते १८० मिलिग्रॅम होतं, म्हणजे जवळजवळ सहा ग्रॅम हळद. भाजी-आमटीतली हळद धरूनही रोज एक-दोन कप या मर्यादेत बसतात. एका कपात दोन-दोन चमचे घालून दिवसातून तीनदा पिणाऱ्यांचं मात्र गणित बिघडतं. शिवाय तो कप इतका कडवट लागतो की चार दिवसांत सवयच सुटते.

मेघालयातली लाकाडोंग हळद मागवली असेल तर तिच्यात कर्क्युमिन दुपटीहून जास्त, सात टक्क्यांच्या आसपास असतं. तिथे पाव चमचा पुरे.

४. काळी मिरी घातलीच पाहिजे का? तिने म्हणे दोन हजार टक्के फरक पडतो.

घाला, पण त्या आकड्यामागची गोष्ट जाणून घाला. कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारसं उतरत नाही. आतडं आणि यकृत त्याचं रूप पटकन बदलून त्याला बाहेरची वाट दाखवतात. मिरीतलं पिपरीन हे काम काही वेळ मंदावतं. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन आणि त्यासोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं. नुसत्या कर्क्युमिनच्या तुलनेत रक्तातलं प्रमाण वीस पट आढळलं. दोन हजार टक्के ते हेच.

नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते जवळपास सापडतच नव्हतं, त्यामुळे वीस पट झाल्यावरही आकडा लहानच राहतो. शिवाय तिथे दिलेलं २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे आपले चव्वेचाळीस कप. तेव्हा दोन-तीन मिरे कुटून घाला, त्यांनी चवही छान येते. चमचाभर मिरपूड टाकून वीसाचे चाळीस पट होणार नाहीत, जळजळ मात्र होईल.

पिपरीन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. त्यासाठी प्रश्न २१ पाहा.

५. दुधात करावा की पाण्यात? आणि तूप कशाला?

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. आपली फोडणी आठवा: तेलात हळद पडली की क्षणात सगळं तेल पिवळं होतं. पाण्यातल्या चहात पाव चमचा तूप किंवा खोबरेल घालायचं ते यासाठी. दुधात साय असतेच, आणि दुधातल्या प्रथिनालाही कर्क्युमिन धरून राहतं, त्यामुळे दुधात वेगळं तूप लागत नाही. गायीच्या साय काढलेल्या दुधात केलंत तर थेंबभर घाला.

दूध पचत नसेल त्यांनी पाण्यातला करावा. मूतखडा होऊन गेलेल्यांनी रोज घेऊ नये, कधीतरी घ्यायचा तर दुधातला निवडावा. कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

६. चहा गाळायचा का? तळाशी गाळ बसतो तो टाकून देते मी.

तो टाकू नका. न विरघळलेली हळद म्हणजेच तो गाळ, आणि कर्क्युमिन बरंचसं त्यातच आहे. मोठ्या भोकांच्या गाळणीने आलं-मिरीचा चोथा काढा, हळद खाली उतरते. फडक्याने गाळलात तर रंगीत पाणी उरेल. पिताना मध्ये मध्ये कप हलवत राहा.

७. ओली हळद मिळाली आहे. तिचा चहा कसा करायचा?

मंडईत साधारण डिसेंबर-जानेवारीपासून ओल्या हळदीचे ढीग दिसायला लागतात. एरवी आपण ती लोणच्याला घेतो. चहासाठी इंचभर तुकडा, आठ-दहा ग्रॅमचा, खरवडून किसा आणि प्रश्न २ प्रमाणेच उकळा. ओल्या हळदीत पाचातले चार भाग पाणी असतं, म्हणून दहा ग्रॅम ओली ही दोन ग्रॅम सुक्या हळदीइतकीच. इथे गाळावं लागतं, पण किस चमच्याने दाबून पिळून घ्या.

चव मातीचा वास असलेली, ताजी, किंचित गाजरासारखी. मला हीच जास्त आवडते. किसण्याआधी बोटांना तेल लावा, नाहीतर दोन दिवस हात पिवळे. उरलेली किसून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवली की उन्हाळ्यापर्यंत पुरते.

८. चहासाठी हळद कोणती आणि कुठून घ्यावी?

माझं मत स्पष्ट आहे: हळकुंडं घ्या आणि दळून आणा. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात किंवा रविवार पेठेत हळकुंडं मिळतात. एक मोडून पाहा. आत गडद नारिंगीकडे झुकणारा पिवळा रंग आणि खणखणीत कोरडेपणा हवा. घरच्या मिक्सरवर हळकुंड टाकू नका, पातं तुटतं. खलबत्त्यात ठेचून मसाल्याच्या गिरणीत द्या, आणि आधी मिरची दळली गेली असेल तर आपला नंबर थोडा मागे घ्या.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला त्याआधी २०१६ साली. दोन्ही उत्तम. माझ्या लहानपणी हरिपूरला हळदीची पेवं पाहिली आहेत. जमिनीखाली खोल, वर तोंड लिंपून बंद केलेली. आत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी पाण्याखाली गेली. आजही सांगलीची हळद हातात घेतली की मला तो उबट वास आठवतो.

दळलेली हळद घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. उजेडात कर्क्युमिन मोडतं. खिडकीतल्या काचेच्या बरणीत ती शोभून दिसते खरी, पण फिकी पडत जाते.

९. हळदीत भेसळ आहे हे घरी कसं ओळखायचं?

दोन भेसळी मुख्य. पुडीत मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग, आणि हळकुंडाला चमक यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं संयुग. दुसरी फार वाईट. शिसं शरीरात साठतं आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम करतं. बांगलादेशात लोकांच्या रक्तातल्या शिशाचा मागोवा घेताना संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. ते काम २०१९ साली प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर तिथे या भेसळीवर मोठी कारवाई झाली.

एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सांगितलेल्या सोप्या चाचण्या करता येतात. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडा, ढवळू नका. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर शंका घ्या. अख्खं हळकुंड पाण्यात टाकलं आणि रंग चटकन सुटला, तर त्याला रंग चोपडला आहे.

या चाचण्यांना ढोबळ भेसळ कळते, शिशाचा अंश कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून झगमगीत पिवळी, गुळगुळीत हळकुंडं आणि सुटी, बिनलेबलची पूड या दोन गोष्टी मी घेतच नाही. पुडी घ्यायची तर परवाना क्रमांक आणि ॲगमार्क असलेली. रोज मुद्दाम अर्धा चमचा हळद पोटात घालायची, तर निदान ती स्वच्छ असावी.

१०. आंबेहळदीचा चहा चालेल का?

ती वेगळी वनस्पती आहे. कैरीसारख्या वासामुळे तिला ते नाव पडलं. मुका मार लागला की आपण तिचा लेप लावतो, ओली असेल तर लोणचंही घालतो. आतून फिकी असते, हळदीचा गडद रंग तिच्यात नाही. या चहासाठी साधी हळदच घ्या.

११. माझं दूध दर वेळी फाटतं. हळदीमुळे का?

हळदीमुळे नाही. दोन संशयित आहेत: आलं आणि गूळ. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ते थेट दुधात पडलं की दूध नासतं. आधी आलं-हळद अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळा, मग दूध ओता. गुळात आम्लता आणि क्षार असतात, म्हणून तो गॅस बंद केल्यावर, वाफ थोडी बसल्यावर घाला. गुळाचा चहा करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असतेच. लिंबू पिळायचं असेल तर फक्त पाण्यातल्या चहात.

१२. एकदा चहा लालसर तपकिरी झाला. हळद खराब होती का?

बहुधा भांड्याला साबण किंवा सोडा राहिला होता. हळद अल्कलीत लाल होते. आमटीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आणि हळदीला चुन्याचं पाणी देऊन कुंकू करतात, ते याच गुणामुळे. मी वर्गात हाच प्रयोग करून दाखवायचे. लाल झालेला चहा ओतून द्या, भांडं नीट विसळा.

१३. कप, गाळणी आणि ओट्यावरचे पिवळे डाग कसे जातील?

उन्हात ठेवा. पांढऱ्या कपड्यावरचा डागही धुऊन उन्हात वाळवला की दोन-तीन दिवसांत फिकट होत जातो. कारण प्रश्न ८ मधलंच, उजेडाने कर्क्युमिन मोडतं. चहासाठी स्टीलचं पातेलं आणि गाळणी वापरा.

१४. कधी प्यावा? सकाळी रिकाम्या पोटी प्यायला की पित्त होतं.

मग रिकाम्या पोटी पिऊ नका. ठरावीक मुहूर्त असा काही नाही. न्याहारीनंतर किंवा रात्री जेवणानंतर तासाभराने घेतलात तर जेवणातल्या स्निग्धांशाचा आयता फायदा मिळतो. जळजळ बहुतेकदा मिरी-आल्याने होते; ती निम्मी करून पाहा.

एक गोष्ट वेगळी करून घ्यावी लागेल. आपण 'पित्त झालं' म्हणतो तेव्हा ते आम्लपित्त असतं. पित्ताशयाचा विकार ही निराळी आणि जास्त काळजीची बाब आहे, ती प्रश्न २२ मध्ये.

थायरॉइडची गोळी पहाटे घेत असाल तर ती नुसत्या पाण्याबरोबर घ्या, आणि चहा निदान तासाभराने.

१५. उपवासाला चालतो का?

आपल्याकडे बहुतेक घरांत उपवासाच्या पदार्थांत हळद घालत नाहीत. बटाट्याची उपवासाची भाजी पांढरीच असते. त्या दिवशी सुंठ घातलेलं दूध घ्या. ज्या घरी चालते त्यांनी खुशाल घ्यावा.

१६. खरंच फायदा काय होतो? नेमकं सांगा.

नेमकं सांगायचं तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: कर्क्युमिनच्या गोळ्यांवर झालेले अभ्यास, आणि आपला ४५ मिलिग्रॅमचा कप.

गोळ्यांच्या बाजूने काही चांगले निष्कर्ष आहेत. गुडघ्यांच्या संधिवातात कर्क्युमिनच्या अर्काने वेदना थोड्या कमी झाल्याचं बऱ्याच छोट्या चाचण्यांत दिसलं. मात्रा बहुधा रोज ५०० ते १५०० मिलिग्रॅम. थायलंडमध्ये अपचनाच्या रुग्णांना काहींना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन आणि काहींना ओमेप्राझोल हे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध दिलं, तर आराम जवळपास सारखाच पडला. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं.

दुसऱ्या बाजूला, २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला. त्यांचं म्हणणं: हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही, आणि परीक्षानळीत तो अनेक चाचण्यांना फसवतो. त्याला स्वतःची चमक असते आणि तो दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे प्रत्यक्षात काही घडलं नसतानाही यंत्र 'परिणाम झाला' असं दाखवू शकतं. परीक्षानळीत कर्करोगाच्या पेशी मेल्या म्हणजे रोग बरा झाला, असं होत नाही. रसायनशास्त्र शिकवल्यामुळे हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि फोनवर फिरणाऱ्या संदेशांत तो कधीच नसतो.

मग कप का प्यायचा? गरम, बिनसाखरेचं, सुगंधी पेय घशाला आणि पोटाला बरं वाटतं. संध्याकाळच्या दोन साखरेच्या चहांच्या जागी हा एक आला, तर तेवढी साखर वाचते. आणि अन्नातली हळद शतकानुशतकं सुखरूप खाल्ली गेली आहे. मी स्वतः रोज रात्री पिते आणि मला तो आवडतो. कर्करोग, संधिवात, हृदयविकार यांवर उपचार म्हणून मात्र कुणालाही देणार नाही. आपल्या माणसाचं औषध बंद करून त्याच्या हातात हळदीचा कप देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१७. अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं म्हणजे ती औषध आहे हे सिद्धच झालं ना?

पेटंटची हकिकत खरी आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं आणि जुने ग्रंथ व १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून मांडला. १९९७ साली ते रद्द झालं. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, त्याआधी ते आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. पुणेकरांना अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

सिद्ध मात्र एवढंच झालं की हा वापर नवा नाही, म्हणून त्यावर कुणाला मक्ता मिळणार नाही. हळद किती गुणकारी, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

१८. सर्दी-खोकल्यात, आणि डेंग्यू-चिकनगुनियाच्या तापात घ्यावा का?

साध्या सर्दीत जरूर. वाफ, ऊब आणि आलं यांनी घसा मोकळा होतो. सर्दी आपल्या वेळेनेच जाते.

पावसाळ्यातल्या तापाचं वेगळं. पुण्यात डेंग्यू आणि चिकनगुनिया दोन्ही असतात. ताप असेल तर आधी डॉक्टर आणि रक्ततपासणी. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, म्हणून ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन टाळायला सांगतात. कर्क्युमिनच्या गोळ्याही त्या दिवसांत नकोत. पातळ पेय म्हणून फिकट कप चालेल, पण त्याने प्लेटलेट वाढत नाहीत. चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे दुखणाऱ्यांनी प्रश्न १६ मधला मात्रांचा फरक पाहावा.

१९. वजन कमी होतं का? आणि मधुमेह असेल तर?

वजन कपाने कमी होत नाही. उलट दोन चमचे गूळ घातलात तर चाळीसेक कॅलरी वाढतात.

मधुमेहात आवळा आणि हळद ही जोडी आयुर्वेदात जुनी आहे, निशामलकी म्हणतात तिला. तरी गूळ आणि मध ही साखरच, ती टाळा. हळदीमुळे साखर थोडी खाली येऊ शकते, त्यामुळे इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असताना मोठ्या मात्रेतली कर्क्युमिनची गोळी स्वतःहून सुरू करू नका. एक साधा कप चालतो.

२०. गरोदरपणात आणि लहान मुलांना चालतो का?

गरोदरपणात जेवणातली हळद आणि अधूनमधून अर्ध्या चमच्याचा कप याला सहसा अडचण नाही. कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र टाळाव्यात. 'बाळ गोरं होतं' म्हणून हळद-केशर देणाऱ्या सासवा-आयांना प्रेमाने सांगते: रंग त्याने ठरत नाही, आणि सावळ्या बाळात कमी काय असतं? पोटातल्या बाळाच्या रंगासाठी कुठल्याही सुनेला बळजबरीने काही पाजू नका.

मुलांना पाव चमचा हळद दुधात, मिरी नाममात्र. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणालाही नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

२१. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, किंवा ऑपरेशन ठरलं आहे. काय करू?

वॉरफेरिन घेणाऱ्यांनी रोजचा कप स्वतःहून सुरू करू नये. आधी डॉक्टरांना सांगा. चालू केलात तर पुढच्या आयएनआर तपासणीत, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीत, तेही सांगा, आणि मात्रा रोज बदलू नका. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी गोळ्यांच्या रूपातली हळद टाळावी.

ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर कर्क्युमिनच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. चहाबद्दलही भूलतज्ज्ञांना सांगून टाका. आपण 'काय काय घेता?' या प्रश्नाला फक्त औषधांची नावं सांगतो, काढे आणि चहा विसरतो.

फिट्सची औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, केमोथेरपी चालू असेल तर मिरी आणि हळद दोन्ही एकत्र, मुद्दाम, रोज घेऊ नका. स्वयंपाकातली चालते.

२२. पित्ताशयात खडे आहेत. मूतखडाही होऊन गेला आहे. पिऊ का?

पित्ताशयाचे खडे किंवा पित्तनलिकेत अडथळा असेल तर नको. हळदीने पित्ताशय आकुंचन पावतं. खडा असताना ते आकुंचन म्हणजे कळ.

मूतखड्याचं कारण निराळं. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि त्यातलं बहुतेक पाण्यात विरघळणारं, म्हणजे सहज शोषलं जाणारं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा होऊन गेला असेल तर रोजचा कप नको. कधीतरी घ्यायचा तर दुधातला घ्या. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. दिवसभरात पाणी भरपूर प्या.

२३. हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं. लोहाची गोळी आणि हा चहा यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. साध्या चहा-कॉफीलाही हाच नियम. हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर भरून येईपर्यंत चहा बाजूला ठेवा.

२४. चहाऐवजी कॅप्सूल घेते, म्हणजे जास्त गुण येईल आणि लिव्हरही साफ होईल. बरोबर ना?

यकृताला कुणी बाहेरून साफ करावं लागत नाही. उलट, मिरीचा अर्क किंवा खास शोषण वाढवणारं तंत्र वापरलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत नोंदली गेली आहेत. अमेरिकेत यकृतावर औषधांनी होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली अशी दहा प्रकरणं मांडली. त्यांतल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला. तो आपल्यात आहे की नाही हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं.

असं थोड्याच जणांना होतं, पण ज्यांना होतं त्यांना आधी सुगावा लागत नाही. कॅप्सूल, वर मिरीचा कप, वर कुणीतरी दिलेलं चूर्ण, असं तिन्ही एकत्र घेणाऱ्या माझ्या परिचितांना मी कॅप्सूल आधी थांबवायला सांगते.

आणि एक नीट लक्षात घ्या. हळद पिऊन डोळे पिवळे होत नाहीत. शौच थोडं पिवळसर होऊ शकतं, तेवढंच. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवी चहासारखी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली, तर हळदीचं सगळं त्याच दिवशी बंद करा, यकृताची रक्ततपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना कॅप्सूलची बाटली सोबत न्या.